धूळ आकाशाची की आपली?

फोटो पाहिल्यावर काय म्हणायचं, हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. बाळाचा असेल तर 'थेट आजोबांवर गेलंय', लग्नातला असेल तर 'जोडा शोभतो', पुरणपोळीचा असेल तर 'आम्हाला बोलवायचं नाही का?' काळ्या तेजोमेघाच्या फोटोसाठी मात्र समाजाने अजून एकही वाक्य तयार केलेलं नाही. त्यामुळे तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडला की आधी बराच वेळ शुकशुकाट असतो. मग एखादी मावशी हात जोडलेलं चिन्ह टाकते, कारण काळी चौकट आली म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असा तिचा आजवरचा अनुभव असतो. शेवटी एखादे काका धीर करतात. 'मधे हे काळं काय आलंय रे?' 'काका, फोटो त्याचाच आहे.' 'बरं. आणि भोवती?' 'तारे. ते मागे आहेत.' 'मग याला जरा बाजूला व्हायला सांगायचं!' काकांना हसण्याचं कारण नाही. नकळत का होईना, त्यांनी या छंदाच्या वर्मावर बोट ठेवलं आहे. बाकी सगळ्या छायाचित्रणात काळा डाग हा दोष असतो. इथे तो मिळावा म्हणून रात्रीच्या रात्री जागायच्या असतात. पण डाग हा डागच. तो पाचशे प्रकाशवर्षांवरच्या धुळीचा आहे, की कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेल्या धुळीचा, हे तो आपण होऊन सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की काळ्या तेजोमेघाचा छायाचित्रकार मुळात फोटो काढतच नाही. तो पुरावा गोळा करतो. दुर्बीण, तिवई, मोटारी, केबली, संगणक आणि घरातल्यांची बोलणी हा सगळा पसारा एकच गोष्ट शाबीत करण्यासाठी असतो: साहेब, हा डाग माझा नव्हे, आकाशाचा आहे.

आधी आकाशाची बाजू ऐकून घेऊ. आकाशगंगेचा पट्टा सलग पांढरा नाही, त्यात मधे मधे काळ्या फटी, भेगा आणि डबकी आहेत. विल्यम हर्शेलने अठराव्या शतकात वृश्चिक राशीतला असा एक भाग दुर्बिणीतून पाहिला आणि आकाशाला इथे भोक पडलं आहे, असं ठरवून टाकलं. यात त्याला दोष देता येत नाही. जागेवर वस्तू दिसली नाही की 'इथे काही नव्हतंच' असं म्हणणं हा माणसाचा जुना स्वभाव आहे. चष्मा शोधणारा प्रत्येक जण रोज हेच म्हणतो. प्रत्यक्षात त्या ठिकाणी वायू आणि धूळ यांचे थंडगार ढग आहेत. धुळीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा, म्हणजे धुरातल्या कणाच्या मापाचा. वजनात पाहिलं तर ढगात धूळ शंभरात एक भाग, बाकीचा जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम. आणि ज्याला आपण दाट ढग म्हणतो, त्याच्या एका घन सेंटीमीटरमध्ये काही हजार ते लाखभर रेणू असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत रेणू मोजायचे तर पंचविसावर अठरा शून्यं द्यावी लागतात. म्हणजे हा काळाकुट्ट ढग आपल्या नेहमीच्या निर्वात पंपांनाही साधणार नाही इतका रिकामा आहे. तो पलीकडचं दिसू देत नाही, कारण तो पसरलेला फार आहे. जवळजवळ काहीच नसताना इतका अंधार पाडण्याचं हे कसब पृथ्वीवर फक्त सरकारी परिपत्रकाला साधलेलं आहे.

पुराव्याच्या या धंद्याचा आद्यपुरुष म्हणजे अमेरिकेतला एडवर्ड एमर्सन बर्नार्ड. नॅशव्हिलमधलं गरीब घर. शाळेऐवजी लहानपणीच एका फोटो स्टुडिओत नोकरी, आणि काम काय, तर फोटो मोठे करण्याचं एक अवजड यंत्र दिवसभर सूर्याकडे रोखून धरायचं. सूर्य सरकेल तसं तेही सरकवायचं. आजकाल हे काम मोटार आणि संगणक मिळून करतात आणि तरी चुकतात. पुढे एका धनिकाने धूमकेतू शोधणाऱ्याला दोनशे डॉलर बक्षीस लावलं, तेव्हा या गृहस्थाने इतके धूमकेतू शोधले की त्या पैशांवर घर बांधलं. हाच माणूस नंतर आकाशगंगेचे फोटो काढू लागला आणि काळ्या डागांनी त्याला पछाडलं. ही भोकं आहेत की ढग? दृष्टी इतकी तीक्ष्ण, की गुरूचा पाचवा उपग्रह त्याने १८९२ साली दुर्बिणीला डोळा लावून शोधला. पण या प्रश्नावर निकाल द्यायला त्याने वर्षानुवर्षं घेतली. १९१३ च्या उन्हाळ्यात चंद्र नसलेल्या एका स्वच्छ रात्री तो दक्षिणेकडची आकाशगंगा टिपत होता. तेवढ्यात आपल्याच वातावरणातले लहान लहान ढग धनु राशीवर विखुरले आणि त्या उजळ पार्श्वभूमीवर शाईचे थेंब पडावेत तसे काळे दिसू लागले. आकाशगंगेतले काळे डागही असेच ढग असावेत, असं बर्नार्डला वाटलं, आणि ते त्याने १९१९ साली लिहून ठेवलं. सोबत १८२ काळ्या खुणांची यादी जोडली. लक्षात घ्या, ढग आल्यावर बाकीचे सगळे छायाचित्रकार हवामानखात्याच्या नावाने बोटं मोडत सामान आवरतात. या एकाच गृहस्थाला ढग कामाला आला.

तरीही त्याचं समाधान झालं नव्हतं. आकाशगंगेचा छापील नकाशासंग्रह निघायचा होता. त्याच्या सातशे प्रती, प्रत्येकीत एक्कावन्न फोटो, आणि यंत्रावरच्या छपाईवर बर्नार्डचा विश्वास नाही. म्हणून प्रत्येक प्रतीत खरे फोटोप्रिंट चिकटवायचे ठरले, आणि ते सगळेच्या सगळे ३५,७०० प्रिंट त्याने स्वतः डोळ्यांखालून घातले. काळा ठिपका आकाशातला आहे की छापखान्यातला, हे दुसऱ्या कुणाला कळणार? १९२३ साली तो वारला आणि संग्रह निघाला १९२७ साली. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तरी 'चालतंय' म्हणणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्याच्याही आधी, १८८८ साली, हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी मृगातल्या एका फोटोकाचेवर अर्धगोल खाच पाहिली. काच खराब आहे म्हणून ती बाजूला ठेवणं सर्वांत सोपं होतं. त्यांनी तिची नोंद केली. तोच आजचा जगप्रसिद्ध अश्वमुख तेजोमेघ. पुढे निघालेल्या तेजोमेघांच्या सूचीत श्रेय मात्र वेधशाळेच्या साहेबांच्या नावावर पडलं. म्हणजे कचेऱ्या तेव्हाही कचेऱ्याच होत्या.

आता आपली बाजू. आपल्या बाजूची धूळ संवेदकाच्या काचेवर बसते. तिचा एक कण फोटोत कसा दिसतो? आरशाची दुर्बीण असेल तर मधे उजळ आणि कडेने काळपट असं गोल कडं, थेट मेदुवड्यासारखं. भिंगाची असेल तर नुसती धूसर टिकली. दोन्ही परिस्थितींत तिची छटा अस्सल काळ्या तेजोमेघाच्या छटेशी इतकी मिळतीजुळती असते, की बारशाची तयारी होऊन नाव ठेवायचंच बाकी राहतं. यावर शास्त्राने काढलेला उपाय ऐकून शास्त्राबद्दलचा आदर दुणावतो आणि शास्त्रज्ञांच्या घरच्यांबद्दल कणव येते. पहिला उपाय: दुर्बिणीचं झाकण लावायचं आणि झाकणाच्या आतल्या अंधाराचे, आकाशाला दिला तितकाच वेळ देऊन, वीस-तीस फोटो काढायचे. मग आकाशातल्या अंधारातून झाकणातला अंधार वजा करायचा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे उमटणारे खोटे ठिपके यात निघून जातात. दुसरा उपाय: पहाटेच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधायचं आणि त्या कापडाचे फोटो काढायचे. कापडावर तारे नसतात, म्हणून त्या फोटोत जे काळं दिसेल ते हमखास आपलं, आणि त्याने आकाशाच्या फोटोला भागायचं. जगभर यासाठी जुना टी-शर्ट वापरतात. कावेरीच्या काठी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, हाताशी असते. सूर्य उगवायच्या बेताला गच्चीत उभी असलेली, वेष्टी नेसलेली आणि तोंड आभाळाकडे केलेली दुर्बीण खालून जाणाऱ्या दूधवाल्याला कशी दिसत असेल, याचा विचार आम्ही मंडळी करत नाही. करून चालणारही नाही. रात्रभर आकाश टिपायचं, मग झाकण टिपायचं, मग धोतर टिपायचं, आणि एवढं झाल्यावर उजाडतं.

कावेरीचा काठ उगाच काढला नाही. तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधे पापनाशम नावाचं तालुक्याचं गाव आहे. एकशे आठ शिवलिंगांच्या देवळासाठी ते प्रसिद्ध. भोवती भातशेती, केळी, नारळ आणि कुडमुरुट्टी नदी. (याच नावाचं दुसरं गाव तिरुनेलवेलीकडे आहे, सिनेमातलं पापनाशम ते, तिकडचं तिकीट काढून बसू नये.) हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत तो भोसल्यांच्या तंजावरच्या राज्यात होता, आणि आजही त्या भागात घरात मराठी आणि ओट्यावर तमिळ बोलणारी कुटुंबं आहेत. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तिथेही मजकूर म्हणजे दगडात पडलेले काळे खड्डेच. पण त्यांना कुणी छिन्नी घसरली असं म्हणत नाही. आकाशाच्या बाबतीत पापनाशमची थोरवी अक्षांशात आहे. ते आहे जेमतेम अकरा अंश उत्तरेला. त्रिशंकूच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या त्या चौतारी क्रुसाच्या, कुशीत कोळशाची गोणी नावाचा भलाथोरला काळा ढग आहे. तो पुण्याहून क्षितिजापासून आठ-नऊ अंश वर येतो, म्हणजे समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे मावळतो; पापनाशमला तो सोळा अंशांपर्यंत चढतो. भुजंगधारीतला पाइप तेजोमेघ आणि ती सुप्रसिद्ध काळी टिकली, बर्नार्ड ६८, तर डोक्याच्या बरीच जवळ, पन्नास अंशांच्या वर येतात. काळ्याच्या शौकिनाने राहायला यावं असंच हे गाव.

पण अक्षांश एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने काढून घेतो. दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर फिरवायचं तर तिचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा गावाच्या अक्षांशाइतकाच वर असतो. पापनाशमला अकरा अंश. उत्तरेला अकरा अंशांवर नारळाचं झाड नाही, अशी गच्ची त्या पट्ट्यात शोधून काढावी लागेल. नारळ नसलाच तर गोपुर, तेही नसलं तर दमट हवेचा असा पडदा, की ध्रुवबाळाला पुन्हा तपश्चर्येला बसावं लागेल. त्यात या दुर्बिणींच्या बैठका बनतात ध्रुवतारा ऐटीत चाळीस-पन्नास अंशांवर असणाऱ्या देशांना डोळ्यांपुढे ठेवून. अकरा अंशांपर्यंत वाकवायला गेलं की समतोलाचं लोखंडी वजन फिरता फिरता तिवईच्या पायाला जाऊन ठेपतं. ते ठेपलं, की मोटार ढकलते, पाय ढळत नाही, आणि त्या रस्सीखेचीत तारे फोटोत शेवयांसारखे लांबतात. यावर लक्ष ठेवायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्याचं नाव पीएचडी. विद्वत्तेशी संबंध नाही. 'इथे दाब, मूर्खा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत, आणि रात्री दोन वाजता आपली योग्यता इतक्या नेमकेपणाने ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

'पण मग अंधार तरी मिळतो ना?' असा आक्षेप येईल. बघू. काळोखासाठी अमावास्या हवी. आपल्याकडे अमावास्येला नवं काम काढत नाहीत. तमिळ घरांत पुष्कळ ठिकाणी तोच दिवस शुभ धरतात. त्यामुळे तिकडच्या मराठी घरात दुर्बीण अमावास्येला बाहेर काढावी की नाही, यावर सासर आणि माहेर यांचे दोन तट पडू शकतात. निकाल काहीही लागो, वर्षातल्या ज्या अमावास्या अगदी हमखास लक्षात राहतात, त्या आपण उजेडासाठी राखून ठेवल्या आहेत. आषाढातल्या अमावास्येला दिवे घासूनपुसून मांडायचे, आश्विनातल्या अमावास्येला लक्ष्मीपूजन आणि फटाके. उरल्या त्यांची सोय पंचायतीने केली आहे. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे असत. त्यांचा उजेड ठरावीक रंगाचा, म्हणून एक फिल्टर लावून बराचसा अडवता येई. आता आले पांढरेशुभ्र एलईडी, त्यांच्यात सगळेच रंग. लाल तेजोमेघवाल्याला त्याचं दुःख नाही. हायड्रोजनचा तो ६५६ नॅनोमीटरचा लाल रंग तेवढा आत घेणारा फिल्टर लावून तो भर शहरात बाल्कनीतून फोटो काढतो आणि पुन्हा लोकांकडून वा मिळवतो. काळ्यावाल्याला सहसा ही पळवाट नाही. काळ्याला स्वतःचा रंग नाही. मागच्या ताऱ्यांचा साधा, सर्वरंगी उजेड अडतो म्हणून तो दिसतो, आणि तारे व रस्त्यावरचा दिवा यांत फिल्टरला फरक करता येत नाही. २०१२ च्या सुमारास तामिळनाडूत चेन्नईबाहेर दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज जात असे, आणि आपल्याकडेही भारनियमनाची ती वर्षं लोक विसरलेले नाहीत. आख्खा जिल्हा वीजमंडळाला शिव्या देत असताना गच्चीवर एखादा माणूस कृतार्थ चेहऱ्याने वर पाहत उभा असे, तो आमच्यापैकी. अर्थात दुर्बिणीची मोटार विजेवर चालत असल्यामुळे तो नुसताच उभा असे.

हवामानाचंही तसंच. बर्नार्डच्या यादीतला मोठा माल धनु-वृश्चिकाच्या बाजूला आहे. तो एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो, आणि रात्रीच्या सुरुवातीला सोयीच्या जागी येईपर्यंत महाराष्ट्रात पावसाळा लागलेला असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे तिथे मृगातला अश्वमुख धुऊन निघतो. दोन्ही प्रांतांत घर असलेल्या माणसाचं वर्षभर नुकसान होईल अशी ही चोख व्यवस्था आहे. पाऊस सरला की भाताची कापणी, रस्त्यावर वाळत घातलेलं धान आणि त्याचा भुस्सा, म्हणजे पुन्हा आपल्याकडची धूळ. आणि शेतात पाणी उभं असेल तेव्हा पहाटे दव इतकं, की भिंगाभोवती गरम पट्टा गुंडाळावा लागतो. या परिस्थितीत थोडेथोडके नाही, एकाच ठिपक्याचे दहा-पंधरा तासांचे फोटो हवेत, कारण फोटोतली खरखर फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ. तिच्याही निम्मी करायची तर सोळापट. शाळेत वर्गमूळ शिकवताना गुरुजी 'पुढे आयुष्यात उपयोगी पडेल' म्हणत, ते हेच असावं. इतक्यात रात्री उशिरा सायकलवरून घरी निघालेला कुणी गच्चीखाली थांबतो. 'एन्न तेरियुदु?' काय दिसतंय? उत्तर द्यावं लागतं, 'ओण्णुम तेरियलै', काहीच दिसत नाही. तो सहानुभूतीने मान हलवतो आणि जातो. आज बेत फार उत्तम जमला आहे, हे त्याला कसं सांगणार?

सगळ्यात मोठा घात घरी, संगणकावर होतो. फोटोत शहराच्या उजेडाची एका बाजूने जी झाक चढलेली असते, ती काढून टाकणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती नम्रपणे विचारतात: यातला रिकामा भाग कुठला ते दाखवा. आता काळ्या तेजोमेघाच्या फोटोत रिकामा भाग कुठून दाखवायचा? जो रिकामा दिसतो तोच भरलेला आहे, आणि जो भरलेला दिसतो तिथे फक्त मधे कुणी उभं नाही. सॉफ्टवेअर आपल्या परीने विचार करतं आणि दहा-पंधरा तास खपून मिळवलेला ढग 'उजेडातली असमानता' म्हणून पुसून टाकतं. चित्र सपाट, स्वच्छ, निर्दोष. मग बाणाचं बटण दाबून मागे यायचं आणि हाताने, थोडं थोडं, जपून काळं ठेवायचं. ते करताना आपण आकाशात आहे तेच ठेवतो आहोत की आपल्याला आवडतं ते रंगवतो आहोत, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याचे फोटो फार सुंदर येतात.

इथे शहाणा माणूस म्हणतो, 'एवढा खटाटोप कशाला? जेम्स वेब दुर्बीण आहे की! तिचे फोटो फुकट मिळतात.' आक्षेप वजनदार आहे; ती दुर्बीण सुमारे दहा अब्ज डॉलरची आहे आणि २०२१ च्या नाताळाच्या दिवशी आकाशात गेली. पण नेमकं आमचं काम तिला जमत नाही. ती पाहते अवरक्त प्रकाशात, आणि अवरक्त किरणांची तरंगलांबी धुळीच्या कणांपेक्षा मोठी असल्यामुळे ते धुळीतून बिनदिक्कत निघून जातात. बर्नार्ड ६८ चे अवरक्त फोटो प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या काळ्या टिकलीतून मागचे तारे दिसू लागले. हबलने २०१३ साली अश्वमुखाचा अवरक्त फोटो काढला, तर घोडा पार झिरझिरीत, मलमली सदऱ्यातला. विज्ञानाच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. मागच्या ताऱ्यांचा उजेड किती गाळला जातो, यावरून ढगात कुठे किती धूळ आहे ते मोजता आलं. पण काळेपणा हवा असेल तर तो अब्जावधी डॉलरच्या दुर्बिणीत नाही, गच्चीवरच्या दुर्बिणीत आहे. जास्त पैसे टाकल्याने जी वस्तू नाहीशी होते, तिच्यासाठी कमी पैसे टाकणारा माणूस मूर्ख कसा, हे शहाण्याने सांगावं.

दुसरा आक्षेप उपयोगाचा असतो, आणि तो बहुधा चहा ओतताना येतो. 'याचा उपयोग काय?' फोटोचा नाही, हे कबूल, डागाचा आहे. धूळ मधे आहे हे कळेपर्यंत खगोलशास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्यांची अंतरं चुकीची मोजत होते. अंधुक दिसतो म्हणजे लांब आहे, हा त्यांचा हिशोब. १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांची मापं आणि तेज ताडून पाहिलं आणि दाखवून दिलं की मधली धूळच उजेड खाते. तोपर्यंत आपली आकाशगंगा आहे त्याहून मोठी धरली जात होती. पुढे बार्ट बोक यांनी लहान, गोल, काळ्याकुट्ट ढगांकडे बोट दाखवून सांगितलं की तारे जन्माला येण्याच्या या जागा असाव्यात. हर्शेलचं भोक म्हणजे खरं तर प्रसूतिगृह निघालं. बर्नार्ड ६८ मध्ये साधारण दोन सूर्यांना पुरेल इतका ऐवज आहे, तपमान उणे दोनशे साठ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तो पुढेमागे कोसळून त्याचा तारा व्हायची लक्षणं दिसतात. हेच बोक हार्वर्डला शिकवत असताना १९४९ साली त्यांच्या एका भारतीय विद्यार्थ्याला फोटोकाचेवर एक अनोळखी पुसट खूण दिसली. ती काचेवरची चूक नव्हती, धूमकेतू होता, आणि त्याला बापू-बोक-न्यूकर्क असं नाव मिळालं. ते वेणू बापू. तामिळनाडूत जवादी डोंगरातल्या कावलूरची वेधशाळा उभी केली ती त्यांनी. तेव्हा डागाकडे पाहून 'हा माझा की आकाशाचा?' असं विचारण्याची परंपरा त्या राज्याला नवी नाही.

शेवटचा डाव फोटो छापण्याच्या दुकानात असतो. तिथला माणूस सज्जन असतो, गिऱ्हाइकाचं भलं चिंततो. पासपोर्टच्या फोटोत गाल उजळ करून देतो, तसाच तो इथेही मायेने हात फिरवतो. 'सर, फारच डार्क आला होता, मी जरा ब्राइट करून दिला. एक्स्ट्रा काही नाही.' आणि हातात येतो तो राखाडी मळभाचा चौकोन. बर्नार्ड ३५,७०० प्रिंट स्वतः का तपासत होता, ते अशा वेळी कळतं. वाद घालू नये. त्याला फक्त सांगावं की काळा तसाच हवा आहे, आणि वाटल्यास उजळ करण्याचेही पैसे घ्या.

ज्यांना हे सगळं टाळून तो काळा पाहायचाच आहे, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. एप्रिल-मेमधली अमावास्येच्या आसपासची रात्र, गावाबाहेरचं शेत, वेळ मध्यरात्रीनंतरची. दक्षिणेला वृश्चिकाचा आकडा ओळखा आणि तिथून डावीकडे, आकाशगंगेच्या पट्ट्यात पाहा. हवा स्वच्छ असेल आणि मोबाइल खिशातच राहिला असेल, तर वीस मिनिटांत डोळे सरावून काळ्या भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. झाकण, धोतर, वर्गमूळ काही लागत नाही. आणि ज्यांच्या शेजारी आमच्यासारखा कुणी राहतो, त्यांना हात जोडून एकच विनंती: रात्री अकरानंतर गच्चीवरचा दिवा तेवढा मालवा. वाचलेल्या विजेच्या बिलात आम्ही वाटा मागणार नाही.